आपांनी सही केली नाही

जुलेखा आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खुर्चीवर चढून भिंतीवरच्या बटणांशी झटापट करत होत्या. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी त्या दिवशी स्टोअर सांभाळायला रुजू झालो होतो. माळशिरसहून आलेला नवखा माणूस, दारातच अवघडून थांबलो. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटलेली एक बाई, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खुर्ची धरा की जरा. मी पडले तर पयल्याच दिवशी तुमच्या नावावर जाईल."

मी खुर्ची धरली. त्या खाली उतरल्यावर पाहिलं, तर बारा बटणांखाली बारा चिठ्ठ्या. 'बिराजदार साहेबांचा पंखा'. 'सोल्डरिंगच्या टेबलावरचा दिवा'. 'स्टोअर'. एका बटणाखाली लिहिलं होतं, 'कशाचंच नाही, उगीच दाबू नये'.

"बारा बटणं हायत," त्या म्हणाल्या. "एक दिवा लावायला माणूस अकरा दाबून बघतो. रोज! नाव लिवायला किती वेळ लागतो हो?"

मला वाटलं, ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या कुणी बाई असतील. आठवड्यानं कळलं की कंपनीतलं एकही ड्रॉइंग या बाईंच्या सहीशिवाय पुढं जात नाही.

कंपनी लहान होती, पंधरा-सोळा माणसांची. यंत्रांच्या पोटात बसणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही बनवायचो. टॉवेलच्या मागांसाठी, पाण्याच्या पंपांसाठी, कधी दवाखान्यातल्या यंत्रांसाठी. बोर्ड बनवण्याआधी कुठला भाग कुठल्या भागाला जोडायचा याचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढावं लागतं. पडद्यावर भाग मांडायचे, एकाच्या पिनेपासून दुसऱ्याच्या पिनेपर्यंत रेघा ओढायच्या आणि त्या रेघांना नावं द्यायची. पुढचं सगळं त्या ड्रॉइंगवर चालतं. तिथं चूक झाली तर ती शंभर बोर्डांवर शंभर वेळा छापली जाते. या कामाच्या प्रमुख जुलेखा शेख. शिक्षण बारावी.

त्यांच्या वडिलांचं शहरातल्याच विजापूर वेशीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली तेव्हा आपा शाळेत होत्या. दुपारी शाळा सुटली की त्या दुकानात जायच्या आणि टीव्हीचा घडीचा नकाशा जमिनीवर पसरून बसायच्या.

"अब्बांचा हात टीव्हीच्या मागं, आणि माझं बोट कागदावर," त्या सांगायच्या. "अब्बा विचारायचे, ही हितनं निघाली ती कुटं गेली? मी बोटानं रेघ धरून जायची. वळणं घेत घेत पोचले की सांगायची, अब्बा, अमक्या पिनेला. मी चुकले की शॉक अब्बांना!" आणि हे सांगून त्या खळखळून हसायच्या. पण एकदा हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "तवापासनं रेघ वाचताना घाई करत न्हाय मी. पलीकडं कुणाचा तरी हात असतो."

लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा ट्रकवर. मुली मोठ्या झाल्यावर आपा आमच्या कंपनीत सोल्डरिंगच्या टेबलावर डाग द्यायला लागल्या. तिथून त्या कॉम्प्युटरपर्यंत कशा पोचल्या ही गोष्ट मी निदान पाच जणांकडून ऐकली आहे, मालक बिराजदार साहेबांकडून तर दोनदा. साहेब मूळचे दुधनीचे. आनंद असो की संताप, दोन्ही कन्नडमध्ये. टॉवेलच्या मागाचा एक बोर्ड त्यांनी स्वतः काढला होता. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, असं ते काम. छापलेलं ड्रॉइंग संदर्भासाठी सोल्डरिंगच्या टेबलावर पडलं होतं. आपा ते घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

"साहेब, हितं टिंब न्हाय."

"टिंब?"

"ह्या दोन रेघा एकमेकींवरनं गेल्यात. टिंब असंल तर त्या भेटल्या. नसंल तर नुसत्या ओलांडून गेल्या. तुमच्या मनात काय हाय? भेटवायचं का ओलांडायचं?"

साहेबांनी कागद बघितला. चष्मा पुसून परत बघितला. "अय्यो देवरे," एवढंच म्हणाले. टिंब पाहिजे होतं आणि नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरसमोर दुसरी खुर्ची आली.

सॉफ्टवेअर शिकवलं निखिल वाघमारेनं. आमचा इंजिनिअर, वयानं आपांच्या थोरल्या मुलीएवढा. सुरुवातीला आपा माउस असा धरायच्या की जणू तो पळून जाईल. कुठली कळ दाबली की काय होतं हे त्या वहीत लिहून काढायच्या, उर्दूत एका बाजूला आणि मराठीत दुसऱ्या. सहा महिन्यांत वही बंद झाली. वर्षभरात निखिल आपलं काम त्यांना दाखवून मग पुढं पाठवू लागला. तेही सहजासहजी नव्हे. दोघांची पहिली भांडणं नावांवरून झाली.

निखिल रेघांना सॉफ्टवेअरनं दिलेली नावंच ठेवायचा. एन एक, एन दोन, एन तीन. आपांना ते बघवत नसे.

"आपा, कॉम्प्युटरला नावाशी काही देणंघेणं नसतं," निखिल म्हणाला.

"कॉम्प्युटरला नसंल. दोन वर्षांनी हे उघडून बघणाऱ्या माणसाला असतंय की. तुज्या आईनं तुजं नाव पोरगं नंबर दोन ठेवलं असतं म्हणजे?"

निखिल खरंच दुसरा मुलगा होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या ड्रॉइंगमधल्या प्रत्येक रेघेला नाव होतं. आपा स्वतः मात्र इंग्रजी अक्षरांत सरळ मराठी नावं ठोकायच्या. 'हीटर बंद'. 'घंटी'. 'पाणी संपलं'. बाहेरच्या पाहुण्यांना आधी गंमत वाटे, मग पाच मिनिटांत ते स्वतःच म्हणू लागत, "हां, ही घंटी इकडून आली तर."

त्यांची दुसरी सवय म्हणजे ओढून बघण्याची. पडद्यावर रेघ पिनेला टेकलेली दिसते, पण केसभर अलीकडे थांबलेली असू शकते. डोळ्याला जोड, सॉफ्टवेअरला तोड. म्हणून आपा प्रत्येक भाग माउसनं पकडून थोडा बाजूला ओढायच्या. जोडलेल्या रेघा त्याच्या मागं ताणल्या जातात, न जोडलेली जागच्या जागी राहते. एका ड्रॉइंगमध्ये दोन-तीनशे भाग असत. आपा सगळे ओढायच्या. मग कागद छापून, पिवळी पेन्सिल घेऊन, एकेक नाव मोठ्यानं वाचत रेघ रंगवत जायच्या. त्या वेळी कुणी चहा विचारला तरी उत्तर मिळत नसे. सगळा कागद पिवळा झाला की कोपऱ्यात सही. उर्दूत, उजवीकडून डावीकडं, एका झटक्यात.

त्यांच्या हातून चूक कधी झालीच नाही, असं मी सांगितलं तर त्यांनाच राग येईल. मी यायच्या आधीच्या वर्षी त्यांनी दोन वेगवेगळ्या पानांवर दोन वेगवेगळ्या रेघांना एकच नाव दिलं, 'बॅटरी'. एक बारा व्होल्टची, एक पाचची. या सॉफ्टवेअरमध्ये नाव सारखं असलं की मधे रेघ नसली तरी दोन्ही तारा एकच धरल्या जातात. बोर्ड बनून आले, पहिल्याला वीज दिली आणि धूर निघाला. कुणी काही शोधायच्या आत आपांनीच ड्रॉइंग उघडलं, चूक पकडली आणि जळका बोर्ड हातात घेऊन केबिनमध्ये गेल्या. "माझ्यामुळं झालं," म्हणाल्या. तो बोर्ड त्यांच्या टेबलासमोर खिळ्याला टांगलेला असे. नवीन माणूस आला की त्याच्यापुढं सगळ्यात आधी तो धरायच्या. "बघ. ही माझी चूक. आता तुजी पाळी येऊ नये म्हणून काय करायचं, ते सांगते."

हट्टी मात्र विलक्षण. बोलणं तिखट. रमजानात दिवसभर उपास करून दुपारी त्या ड्रॉइंग तपासायला बसल्या की निखिल स्टोअरमध्ये माझ्याकडं येऊन लपायचा. पण त्यांच्या हट्टाची खरी किंमत कळली ती वॉर्मरच्या कामाच्या वेळी.

कमी वजनाच्या, नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं ते यंत्र. वरून हीटर, खाली बाळ. पुण्याच्या एका कंपनीनं ते तयार केलं होतं आणि त्याचे बोर्ड आमच्याकडून करून घ्यायचं ठरवलं होतं. आमच्यासारख्यांना असं काम मिळणं म्हणजे सणच. ड्रॉइंग त्यांचंच, पाच पानी, तिथल्या मोठ्या सल्लागारांनी काढलेलं. आम्ही फक्त त्यावरून बोर्ड बनवायचे. त्यांच्याकडून सरदेसाई नावाचे प्रमुख दोन इंजिनिअर घेऊन सोलापूरला आले. ड्रॉइंगवर आमच्या बाजूची सही घ्यायची, फाइल त्याच दिवशी बोर्डांच्या छपाईला बाहेर पाठवायची आणि परतायचं, असा बेत.

केबिनमध्ये शेंगाचटणी-भाकरीचं जेवण झालं. साहेबांनी आपांना बोलावलं. आपा पाच कागद घेऊन आल्या. चार पिवळे होते. तिसऱ्या पानावर एक रेघ पांढरीच होती.

"सही तेवढी करून टाका, आपा," साहेब म्हणाले.

"न्हाय होत, साहेब."

मी बोर्डांच्या सामानाची यादी घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. साहेबांचे कान लाल होताना मला दिसले.

"काय अडचण आहे?" सरदेसाईंनी विचारलं. आवाज सभ्य होता, पण घड्याळाकडे बघून झालं होतं.

"हीटर जास्त तापला तर त्याला बंद करणारी ही रेघ. बाळ भाजू नये म्हणून जी ठेवलीय ती. ती पिनेला लागलेली न्हाय."

सोबतच्या एका इंजिनिअरनं कागद पुढं ओढला. "मॅडम, लागलेली आहे की. ही बघा, दिसतेय."

"दिसतीय. लागलेली न्हाय."

"हे ड्रॉइंग तीन जणांनी तपासलंय," सरदेसाई म्हणाले. "आणि आमचं पहिलं यंत्र याच ड्रॉइंगवरून बनलंय. चार महिने चालू आहे. जास्त तापवून पाहिलंय, हीटर बरोबर बंद होतो. रेघ तुटलेली असती तर बंद झाला असता का?"

निखिलनं मान खाली घातली. बिराजदार साहेब कन्नडमध्ये हळूच काहीतरी पुटपुटले, मग मराठीत म्हणाले, "आपा, काम दुसरीकडं जाईल. सही करा."

आपांनी ओढणी सारखी केली. "साहेब, तुमी मालक. तुमी करा सही. माझी न्हाय होत." मग त्या सरदेसाईंकडं वळल्या. "दोन मिंटं द्या. मोठ्या पडद्यावर लावते. मग पायजे ते बोला मला."

निखिलनं भिंतीवरच्या पडद्याला कॉम्प्युटर जोडला. तिसरं पान उघडलं. आपांनी हीटर बंद करणारा तो भाग माउसनं पकडला आणि सावकाश उजवीकडं ओढला. त्याच्या सहा रेघा त्याच्या मागं रबरासारख्या ताणल्या गेल्या. सातवी जिथं होती तिथंच राहिली. पडद्याच्या मधोमध एकटी, कुणालाच न जोडलेली.

ज्या इंजिनिअरनं कागद पुढं ओढला होता तो उठून पडद्याजवळ गेला आणि रेघेच्या टोकाला बोट लावून बघू लागला.

"पण मग यंत्र बंद कसं होतं?" सरदेसाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

"सायेब," आपा म्हणाल्या, "तुमच्या यंत्राचा बोर्ड उलटा करून बघायला सांगा. मागच्या अंगानं एक तार डाग देऊन टाकलेली असंल. चाचणी करणाऱ्या माणसाला हीटर बंद होईना, त्यानं हातानं तार जोडली, चाललं, सोडून दिलं. मी बारा वर्षं डाग दिलेत. असंच करतात. ड्रॉइंग करणाऱ्याला सांगायचं राहून जातं."

सरदेसाईंनी पुण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस स्क्रू खोलत असल्याचा आवाज आम्ही सगळे ऐकत होतो. इतका लांब वेळ मी आयुष्यात कधी काढला नाही. मग आवाज आला, "हो सर, आहे एक वायर. मागून टाकलीय. हिरवी. कुणी टाकली माहीत नाही."

नवीन बोर्डांवर ती हिरवी तार नसती. शंभर यंत्रं, शंभर दवाखाने, आणि वरचा हीटर बंद करायला काहीच नाही. हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. सरदेसाई खुर्चीवरून उठले. वयानं, मानानं मोठा माणूस, पण उठून आपांच्या समोर आले.

"मॅडम, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?"

"विजापूर वेस," आपा म्हणाल्या.

पहिल्यांदा निखिल हसला, मग बिराजदार साहेब, मग पुण्याची मंडळीसुद्धा. साहेबांनी स्वतःची खुर्ची मागं सरकवून आपांना बसवलं. त्यानंतर ते एकच पान नव्हे, पाचही पानं पुन्हा तपासली गेली, आपांच्या शेजारी बसून, एकेक भाग ओढून. पाहुण्यांचा परतीचा बेत मोडला. ते दुसऱ्या दिवशी गेले आणि जाताना पाचही कागदांच्या कोपऱ्यांत, उजवीकडून डावीकडं, एका झटक्यात झालेली सही घेऊन गेले.

बोर्ड बनून आले. पहिल्या वॉर्मरची चाचणी आमच्याच हॉलमध्ये झाली. मुद्दाम हीटर तापवत नेला. आकडा चढत होता आणि सोल्डरिंगच्या टेबलावरच्या सगळ्या बायका उठून भोवती जमल्या होत्या. ठरलेल्या आकड्याला आतून 'टक्' झालं, हीटरचा लाल उजेड विझला आणि घंटी अशी खणखणीत वाजू लागली की शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातला वॉचमन काय झालं म्हणून पळत आला. बिराजदार साहेब कन्नडमध्ये ओरडले. काय ते कळलं नाही, पण बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते आणि त्या रडत होत्या. "कुणीतरी बंद करा की ती घंटी," म्हणत होत्या, पण कुणी करत नव्हतं.

पुढं पुण्याच्या त्या कंपनीनं आमच्याशी करार वाढवला आणि त्यात एक कलम घातलं की ड्रॉइंगची तपासणी जुलेखा शेख यांच्याकडूनच व्हावी. ते वाचून आपा म्हणाल्या, "म्हंजी आता आजारी पडायची पण सोय न्हाय."

मी ती नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली आणि गावी परत आलो. आपा अजून तिथंच आहेत, निखिलसारखी चार पोरं-पोरी त्यांच्या हाताखाली आहेत, असं कळतं. त्यांची शेवटची भेट झाली ती पुण्यात. सरदेसाईंनी त्यांना आपल्याकडच्या नव्या इंजिनिअरांशी बोलायला बोलावलं होतं आणि साहेबांनी सोबत म्हणून मला गाडीत पाठवलं होतं. इंदापूर आलं तेव्हा आपा म्हणाल्या, "माने भाऊ, ते सगळे डिग्रीवाले असतील. मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, आम्हाला सांगता तेच. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

तिथला हॉल मोठा, थंडगार. पन्नासएक तरुण मुलं-मुली बसलेली. सरदेसाईंनी दार उघडलं आणि आपा आत गेल्या. त्याबरोबर खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

आपा दचकल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं, कोण मोठा माणूस आलाय म्हणून. मागं मी होतो, हातात त्यांचा डबा घेऊन. मी नुसती मान हलवली. त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या, मग समोरच्या त्या उभ्या पोरांकडं. पाठ ताठ झाली. ओढणी सारखी करून त्या टेबलापर्यंत गेल्या आणि विजापूर वेशीतल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"उभारलाव कशाला? बसा की!"